फायबरवरचा टीव्ही घ्यावा का? घरात आधीच केबल पण आहे आणि डिश पण

दोनरिमोट

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे हॉलमध्ये केबल आहे आणि आतल्या खोलीत डिश. दोन्ही का, तर केबल आधीपासूनची, मग सासऱ्यांना हवे असलेले दोन-तीन चॅनेल केबलवर येईनात म्हणून डिश घेतली आणि केबल काढू काढू म्हणत राहूनच गेली. आता ज्यांचं इंटरनेट आहे त्यांनीच त्याच फायबरवर टीव्ही सुरू केलाय. त्यांचा माणूस येऊन सांगून गेला की एकच बिल, सगळे चॅनेल, फोरके बॉक्स, मागच्या सात दिवसांचे कार्यक्रम कधीही बघा, आणि गच्चीवरची छत्री काढून टाका म्हणे.

ऐकायला छान वाटतं पण मला काही शंका आहेत. संध्याकाळी सगळे घरी आले की आमचं नेट आधीच अडखळतं, त्यात टीव्ही पण त्यावरच टाकला तर काय होईल? दोन टीव्ही एकाच वेळी वेगवेगळे चॅनेल लावून चालतील का? लाइट गेली तर? आणि सासऱ्यांना रिमोटवर नंबर दाबून चॅनेल लावायची सवय आहे, ते मेनूबिनूत शिरणार नाहीत. चित्र खरंच केबलपेक्षा चांगलं दिसतं की नुसतं बोलायचं? ज्यांनी बदललंय त्यांनी प्लीज सांगा.

टॉवरखाली

केबल काढा, डिश काढा, टीव्हीचं पॅकेजच घेऊ नका. सगळं ॲपवर मिळतं आता. कोण बसतंय चॅनेल बघत.

दोनरिमोट

सासरे बसतात ना! आणि रात्री बातम्या मी पण चॅनेलवरच बघते.

तारजोड

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्यांना एकच गोष्ट विचारा. हा टीव्ही त्यांच्या स्वतःच्या लाइनवर वेगळा सोडलेला आहे की साध्या इंटरनेटवरून ॲपसारखा येतो? दोन्हीला लोक सर्रास आयपीटीव्हीच (नेटवर्कवरून येणारा टीव्ही) म्हणतात, बॉक्सही सारखेच दिसतात, पण आतून जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तुमच्या निम्म्या शंकांची उत्तरं त्यावर ठरतात.

पहिल्या प्रकारात मल्टिकास्ट असतं. म्हणजे एखाद्या चॅनेलची एकच कॉपी त्यांच्या नेटवर्कवरून निघते आणि जिथून लोकांच्या वाटा फुटतात तिथे ती वाटली जाते, हजार घरांनी तोच चॅनेल लावला तरी मुख्य लाइनवर कॉपी एकच. ॲपच्या प्रकारात प्रत्येक घराला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. कर्ण्यावरून एकदा घोषणा करणं आणि हजार जणांना वेगवेगळा फोन करणं, एवढा फरक. म्हणून मोठी मॅच असली की ॲप धापा टाकतं आणि मल्टिकास्टवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. शिवाय पहिल्या प्रकारात बहुतेक कंपन्या टीव्हीसाठी लाइनवर वेगळी जागा राखून त्याला प्राधान्य देतात, त्यामुळे पोरं काहीतरी डाउनलोड करत बसली तरी टीव्हीला धक्का लागत नाही.

ओळखायचं कसं? विचारा, हा बॉक्स मी दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटला लावला तर चालेल का. चालतो म्हणाले तर बहुतेक ॲपच आहे. फक्त आमच्याच लाइनवर चालतो म्हणाले तर पहिला प्रकार असायची शक्यता जास्त. आणि हेही विचारा की टीव्ही बघितलेला डेटा तुमच्या महिन्याच्या कोट्यातून कापला जातो का. एचडी चॅनेलला साधारण ८ एमबीपीएस धरले तर तासाला ३.६ जीबी होतात, घरात दिवसभर टीव्ही चालू राहत असेल तर गणित तुम्हीच करा.

वेळेवरमॅच

तारजोड भाऊंनी सांगितलं ते बरोबरच आहे, त्यात माझं एक दुखणं जोडतो. उशीर. मॅच बघणारं घर असेल तर हे आधी बघा.

लोकांना वाटतं डिशचा सिग्नल इतक्या लांबून येतो म्हणजे तोच उशिरा येत असेल. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर आहे हे खरं, पण जाऊन यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, बाकीचा जो काही उशीर होतो तो चित्र दाबण्यात आणि बॉक्सने ते उलगडण्यात. केबलवाला पण बऱ्याच ठिकाणी चॅनेल उपग्रहावरूनच उतरवून घेतो आणि पुढे तारेत सोडतो, म्हणून केबल आणि डिश थोड्याफार फरकाने बरोबरच चालतात. मल्टिकास्टवाला आयपीटीव्ही त्यांच्या जवळपास असतो. पण ॲपवर काय होतं, व्हिडिओचे तुकडे पाडून पाठवतात, एकेक तुकडा साधारण सहा सेकंदांचा, आणि प्लेअर तीनेक तुकडे हाताशी असल्याशिवाय सुरूच करत नाही, म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले, वर बाकीचं जे काय ते, सगळं धरून अर्धा मिनिट सहज मागे पडतं. हा उशीर कमी करायच्या नव्या पद्धती आल्यात पण सगळे वापरतातच असं नाही. आमच्या शेजाऱ्याकडे डिश आहे आणि मी ॲपवर बघतो, शेवटच्या षटकात तो ओरडला की मी सरळ उठून पाणी प्यायला जातो.

गच्चीवरचा

छत्रीला एवढं नावं ठेवू नका हो. सगळ्यांना वाटतं पाऊस आला की डिश गेली, पाऊस आला की डिश गेली. जाते, मान्य. घरगुती डिश ज्या केयू बँडवर चालते तो ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा असतो आणि त्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात, त्याला इलाज नाही. पण ते ढग डोक्यावरून सरकेपर्यंतच. रस्ता खणताना कुणी फायबर तोडली तर किती वेळ बसावं लागेल याची काही गॅरंटी आहे का? उपग्रह आणि तुमचं घर यांच्यामध्ये जेसीबी येत नाही.

आणि बारीक सरीतसुद्धा डिश जात असेल तर दोष पावसाचा नाही, डिश हललीय. वाऱ्याने हलते, नटबोल्ट गंजतात, समोरचं झाड दोन वर्षांत वाढून आड येतं. बॉक्सच्या मेनूत सिग्नल बघा, त्यात दोन आकडे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघून खूश होऊ नका, क्वालिटी बघा. निरभ्र आकाश असताना क्वालिटी भरपूर असेल तर पावसात पडायला जागा राहते, आधीच काठावर असेल तर चार थेंबांत खेळ खलास. आणि वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस रोज ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र फुटतं ते वेगळंच. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. तेव्हा मेकॅनिकला बोलावून डिश फिरवून घेऊ नका, आपोआप ठीक होतं. लोक बोलावतात आणि चांगली बसलेली डिश बिघडवून घेतात.

डिशचा खरा त्रास दुसऱ्या टीव्हीला आहे. छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोरचं सिग्नल पकडणारं यंत्र) बॉक्सकडूनच व्होल्टेज जातं, १३ व्होल्ट दिले की एक ध्रुवण, म्हणजे लहरींची एक दिशा, आणि १८ दिले की दुसरं, त्यामुळे एकाच तारेवर दोन बॉक्स लावले तर दोघांची ओढाताण होते. प्रत्येक बॉक्सला वेगळी तार गच्चीवरून खाली आणावी लागते आणि एलएनबी पण जास्त तोंडांची लागते. स्प्लिटर लावून भागतं असं सांगणाऱ्याला जिन्यातूनच परत पाठवा.

निवांत

गच्चीवरचा 😄 जेसीबीचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

दोनरिमोट ताई, तंत्र हे लोक सांगतायत, मी कागद सांगते. "सगळे चॅनेल" हे शब्द कानाआड करा. आत्ता केबलवर आणि डिशवर मिळून घरात खरोखर जे बघितले जातात त्यांची नावं एका कागदावर लिहून काढा, सासऱ्यांचे आधी. मग तो कागद घेऊन त्यांची यादी तपासा, आणि नुसतं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, एचडी आहे की साधा आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी नाव तेच असतं आणि आत एसडी निघतो, मोठ्या टीव्हीवर धुरकट दिसतो. सासऱ्यांचे दोन-तीन चॅनेल तिथे नसतील तर डिश जाणारच नाही, म्हणजे एका बिलाची गोष्ट तिथेच संपली.

सात दिवस मागे जाऊन बघता येतं हेही सगळ्या चॅनेलना लागू नसतं. हक्क ज्याचे त्याचे असतात, मॅच आणि सिनेमे बऱ्याचदा त्यातून वगळलेले असतात. कोणत्या चॅनेलना चालतं ते लेखी मागा.

आणि टीव्ही, इंटरनेट, फोन सगळं एकाच दोरीला बांधलं की तो दोर कुणाच्या हातात राहतो ते बघा. उद्या इंटरनेट भिकार चालतंय म्हणून कंपनी बदलायची ठरवली तर टीव्ही पण गेला. केबल वेगळी असताना तुम्ही नेटवाल्याशी भांडू शकता, एकत्र असताना भांडायचं म्हटलं तरी घरातला टीव्ही बंद पडेल ही धास्ती. करार किती महिन्यांचा, मध्येच सोडला तर काय भरायचं, सुरुवातीची सवलत संपल्यावर खरी रक्कम किती, बॉक्स तुमचा की भाड्याचा, हे विचाराच. बॉक्स परत करायची वेळ आली तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका. मी एका कंपनीला दिलेल्या बॉक्सचे पैसे पुढे कित्येक महिने बिलात लागून येत होते, पावती होती म्हणून सुटले.

दोनरिमोट

बापरे किती माहिती! सगळ्यांना थँक्यू. आज त्यांना फोन केला. बॉक्स फक्त आमच्याच लाइनवर चालतो म्हणाले आणि टीव्हीचा डेटा कोट्यात धरत नाही म्हणाले. म्हणजे तारजोड दादांनी सांगितलेला पहिला प्रकार ना? सासऱ्यांचे चॅनेल यादीत आहेत पण एक एसडी आहे. निवांत ताई तुमच्यामुळे ते कळलं नाहीतर मी नाव बघून हो म्हटलं असतं.

आता अडचण अशी की फायबर हॉलमध्ये येते आणि सासऱ्यांची खोली दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये दोन भिंती. त्यांचा माणूस म्हणतो दुसरा बॉक्स वायफायवर चालेल काही प्रॉब्लेम नाही. चालेल का?

तारजोड

हो, पहिलाच प्रकार दिसतोय.

वायफायचं म्हणाल तर, तो बसवायला येईल त्या दिवशी चालेल. नंतरचं सांगता येत नाही. मल्टिकास्ट आणि वायफाय यांचं मुळात जमत नाही. साध्या वायफायवर फोनला पाठवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पोचलं का याची पोच येते, नाही पोचलं तर राउटर परत पाठवतो. मल्टिकास्टच्या पॅकेटला पोचच नसते, त्यामुळे हरवलं ते हरवलं, आणि वर राउटर ते सगळ्यात कमी वेगाने पाठवतो म्हणजे बाकीच्यांचं वायफाय पण रांगेत. चांगले राउटर यावर तोडगा काढतात, मल्टिकास्टचं प्रत्येक बॉक्ससाठी साध्या पॅकेटात रूपांतर करून पाठवतात, पण कंपनीने फुकट दिलेला राउटर ते करतो की नाही हे तो माणूस सांगू शकणार नाही. चित्रात चौकोन चौकोन दिसायला लागले, आवाज तुटायला लागला की समजा हेच आहे.

सरळ लॅनची तार ओढून घ्या. कॅटफाइव्हई पुरे, १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर काही तेवढं नसेल. जुनी केबलची कोएक्स आतपर्यंत गेली असेल तर तिच्यावरून नेटवर्क न्यायचे अडॅप्टर पण मिळतात, पण तार ओढता येत असेल तर तारच. मध्ये स्विच (एका तारेच्या अनेक तारा करणारा डबा) टाकणार असाल तर आयजीएमपी स्नूपिंग असलेला घ्या, तो ज्याने चॅनेल मागितला त्यालाच प्रवाह देतो. नाहीतर एका टीव्हीचा प्रवाह स्विच सगळ्या तोंडांवर ओतत बसतो.

संध्याकाळी नेट अडखळतं म्हणालात ते आधी तपासा. मोबाइल राउटरच्या शेजारी धरून बघा आणि मग आत जाऊन बघा. शेजारी नीट चालत असेल तर दोष लाइनचा नाही, घरातल्या वायफायचा आहे, आणि मग तारेवर लावलेल्या टीव्हीला त्याचा त्रास व्हायचं कारण नाही. राउटरच्या शेजारी पण अडखळत असेल तर मात्र थांबा, टीव्ही घ्यायच्या आधी तीच तक्रार सोडवून घ्या. दोन एचडी टीव्ही म्हणजे सोळा-सतरा एमबीपीएस, फायबरला ते काहीच नाही. जुन्या फोनच्या तांब्याच्या तारेवरचं नेट असतं तर मी वेगळं बोललो असतो, तिथे एक्स्चेंजपासून जितके लांब तितका वेग घटतो आणि दुसरा टीव्ही लावताच पहिला रडतो.

लाइट गेली तर फायबरच्या तारेला काही होत नाही, पण भिंतीवरचा ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा), राउटर आणि बॉक्स तिघांना वीज लागते. बहुतेकांच्या इन्व्हर्टरवर टीव्ही असतो आणि ओएनटी राहून जातो. केबलचं उलट आहे, तुमच्या घरात वीज असली तरी रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरला नसेल तर पडदा निळा.

काचबिंदूसारखा

चित्राबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. केबल, डिश, फायबर यातलं चित्र कुठलं चांगलं हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, सगळीकडे आकडेच येतात. चॅनेलला किती बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, दिलाय आणि कोणत्या पद्धतीने दाबलंय त्यावर सगळं. डिशवर एका ट्रान्सपाँडरमध्ये (उपग्रहावरची एक वाहिनी-पट्टी) बरेच चॅनेल कोंबलेले असतात आणि ज्याला त्या क्षणी जास्त गरज त्याला जास्त बिट दिले जातात, म्हणून मॅच चालू असताना त्याच ट्रान्सपाँडरवरचा एखादा शेजारचा चॅनेल मळकट दिसू शकतो. केबलवर पण तेच, २५६ क्वाम (केबलवर डेटा भरायची एक पद्धत) असेल तर ८ मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यात साधारण ५० एमबीपीएस मावतात, त्यात किती चॅनेल बसवायचे ते चालवणाऱ्याची हाव ठरवते. मल्टिकास्टमध्ये फक्त लावलेला चॅनेल तुमच्या घरापर्यंत येतो, त्यामुळे जागेची तेवढी मारामार नसते. पण जागा आहे म्हणून ते बिटरेट वाढवतातच असंही नाही.

फोरके बॉक्स म्हणजे फोरके चॅनेल नव्हे. एचडी चॅनेल ताणून दाखवतो तो फक्त. आणि खरं फोरके बघायचं असेल तर टीव्हीच्या एचडीएमआय तोंडाला एचडीसीपी २.२ (चित्राची चोरी रोखणारं कुलूप) लागतं, जुन्या टीव्हीवर काळा पडदा किंवा खालचं रिझोल्यूशन मिळेल.

कस लावायचा तर दोन्ही बॉक्स एकाच टीव्हीला वेगवेगळ्या एचडीएमआयवर लावा, एकच चॅनेल एकाच वेळी, आणि रिमोटने इकडून तिकडे जा. निवेदकाच्या चेहऱ्याकडे बघू नका, तो सगळीकडे छानच दिसतो. खाली पळणारी बातम्यांची पट्टी बघा, मैदानावरचं गवत बघा, पाऊस नाहीतर फटाके असलेला प्रसंग बघा. गवताची सतरंजी झाली की बिटरेट कमी आहे. दोन तोंडांची पिक्चर सेटिंग वेगवेगळी असतात ती आधी सारखी करा, नाहीतर ज्याचा रंग भडक तोच तुम्हाला चांगला वाटेल.

टॉवरखाली

एवढं सगळं करून शेवटी बघायच्या त्याच मालिका ना 😂

निवांत

टॉवरखाली, तुमच्या घरात सासरे नाहीत वाटतं.

ताई, रिमोटचं राहिलं. डेमो द्यायला माणूस आला की रिमोट सासऱ्यांच्या हातात द्या, तुमच्या नको. नंबर दाबून थेट चॅनेल लागतो का, आणि बॉक्स बंद करून चालू केला की शेवटचा चॅनेल लागतो की जाहिरातींनी भरलेलं होम पान उघडतं, हे दोन बघा. काही बॉक्सना सेटिंगमध्ये चालू होताच थेट टीव्ही असा पर्याय असतो. चॅनेलचे नंबर बदलणारच, ते मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवून द्या.

दोनरिमोट

डेमो झाला. नंबर दाबून लागतो चॅनेल, सासऱ्यांनी स्वतः लावला, शिवाय चॅनेल बदलायला डिशपेक्षा कमी वेळ लागतो हे त्यांच्याच लक्षात आलं आणि ते खूश झाले! नेट पण तपासलं, राउटरजवळ एकदम नीट चालतं, आतच मार खातं.

तर असं ठरवतेय की आधी एकच बॉक्स घ्यायचा, हॉलमध्ये, आणि हॉलची केबल बंद. डिश राहू दे. त्यांचा तो एक चॅनेल एचडीत डिशवरच आहे म्हणून पॅक कमी करून तेवढ्यापुरती ठेवते. आतपर्यंत तार ओढून झाली की मग दुसऱ्या बॉक्सचं बघू. निवांत ताई, करार वर्षाचा म्हणत होते, मी महिन्याचा मागितला तर थोडे जास्त पडतील म्हणाले, तोच घेतेय.

एक शेवटचं. डिशच्या बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर सासऱ्यांनी बरीच जुनी कीर्तनं रेकॉर्ड करून ठेवलीत. पुढेमागे डिश काढली तर ती डिस्क या नव्या बॉक्सला लावून बघता येतील का?

गच्चीवरचा

नाही. रेकॉर्डिंग त्या बॉक्सच्याच किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं, डिस्क कॉम्प्युटरला लावली तरी नुसत्या फायली दिसतील, उघडणार नाहीत. त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स आणला तरी सहसा चालत नाही, आणि काही ठिकाणी तर पॅक बंद झाला की त्याच बॉक्सवर जुनी रेकॉर्डिंगसुद्धा उघडत नाहीत. पॅक कमी करायच्या आधीच कंपनीला विचारून घ्या की कमी केल्यावर ती दिसत राहतील का.